वेणीखालची खळी

आक्का शिवणक्लाससाठी पुण्याला मावशीकडे गेली आहे, असं आईनं साताऱ्यात आमच्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. खरं तर त्याच वेळी आक्का पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेबलावर होती आणि एक डॉक्टर तिच्या डोक्यात दुर्बीण घालत होते. मी तिची धाकटी बहीण, तेव्हा नुकतीच कॉलेजला जायला लागले होते. सगळं घरच पुण्याला गेलं तर लोकांना शंका येईल म्हणून मला मागं ठेवलं होतं. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "कसा चाललाय गं क्लास आक्काचा?" मी सांगायची, "झबल्यापर्यंत आलीय." खोटं बोलायचं तर नीट बेतून बोलावं, ही आमच्या घरची शिकवण.

सुरुवात डोकेदुखीनं झाली. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आक्काची बारावी झाली होती आणि आई तिच्यासाठी स्थळं बघायला लागली होती. सकाळी उठली की ती दोन्ही हातांनी कपाळ धरून बसायची. दहा वाजले की बरी. आईनं दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, टाळूवर एरंडेल थापलं. आण्णा म्हणजे आमचे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कारखान्यावर सिक्युरिटीला लागले होते. त्यांच्याकडं जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. "तांब्याभर पाणी पी आन् मैदानाला दोन चक्कर मारून ये," ते म्हणायचे. आक्का बिचारी मारूनही यायची.

मग ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली. तिला समोरचं दिसायचं, पण बाजूचं दिसायचं नाही. चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेली. त्यांनी बॅटरीनं डोळ्यात बराच वेळ बघितलं आणि चष्म्याचं काही न बोलता मिरजेला जाऊन डोक्याचा स्कॅन करायला सांगितलं. मिरजेच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि मेंदूच्या बुडाशी एक काळा गोल दाखवला. म्हणाले, "ही पाण्याची गाठ आहे."

गाठ म्हटल्यावर आईला कॅन्सरच वाटला. डॉक्टर चांगले होते. त्यांनी तिला समजावलं की ही कॅन्सरची नाही, नुसती पाण्यानं भरलेली पिशवी आहे, बहुधा जन्मापासूनची. पण आता ती फुगून मेंदूतल्या पाण्याची वाट अडवतेय आणि डोळ्यांच्या नसांवर दाबतेय, म्हणून ऑपरेशन करायला हवं. आईनं विचारलं, "कुठनं करनार?" डॉक्टरांनी आपल्याच डोक्यावरून या कानापासून त्या कानापर्यंत बोट फिरवून दाखवलं.

"केस?" आईनं विचारलं.

"सगळे काढावे लागतील. येतात परत."

"आन् वण?"

"तो राहणार, मावशी."

आईची बाजू मला आज सांगायलाच हवी, कारण पुढं मी तिच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे. ती काही लेकीच्या जिवावर उठलेली बाई नव्हती. पण आमच्याकडं लग्नाच्या बाजारात मुलीच्या डोक्याचं ऑपरेशन झालंय म्हटलं की "कसलं?" असं कुणी विचारत नाही. "वेडाचे झटके येत असणार" हे गावोगाव आपोआप ठरतं आणि मग धाकट्या बहिणीचंही अडतं. आईनं हे स्वतःच्या चुलतबहिणीच्या बाबतीत बघितलं होतं. मिरजेतून एसटीनं घरी आल्यावर आई देवापुढं बसून ढसाढसा रडली.

पुण्याच्या डॉक्टरांचं नाव मिरजेच्या डॉक्टरांनीच सुचवलं होतं. ते परदेशात शिकून नुकतेच आले होते. त्यांनी आण्णांना सांगितलं की कवटी उघडायची गरज नाही. भांगाच्या उजवीकडं, केसांच्या आत, एक रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडायचं. त्यातून पेन्सिलीएवढी नळी आत सोडायची. नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. टीव्हीवर बघत बघत पिशवीपर्यंत जायचं आणि तिच्या भिंतीला भोक पाडायचं. म्हणजे तुंबलेलं पाणी मेंदूच्या नेहमीच्या पाण्यात मिसळून वाहतं होतं.

"म्हंजी बांध फोडायचा," आण्णा म्हणाले.

"अगदी बरोबर," डॉक्टर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण हवालदारसाहेब, फोडलेला बांध कधी कधी पुन्हा बुजतो. महिन्यांनी, वर्षांनी, कधीही. डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, नजर कमी झाली, तर त्याच दिवशी हिला आणायची. वाट बघायची नाही. ही ज्याच्याबरोबर राहील त्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे."

आण्णांनी हे सगळं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. आईनं मात्र त्यातलं एकच ऐकलं, की केस फक्त बोटभर पट्टीचे काढायचे आणि वण केसांत झाकून जातो. ती त्या डॉक्टरांच्या पाया पडली.

ऑपरेशन छान झालं. आक्काचं डोकं दुखायचं थांबलं, बाजूचं दिसायला लागलं. डॉक्टरांनी आण्णांना ऑपरेशनची व्हिडिओ कॅसेट लावून दाखवली होती. आण्णांवर तिचा असा परिणाम झाला की ते कितीतरी दिवस त्याच तंद्रीत होते. मी एकटी दिसले की हळूच म्हणायचे, "आत लय स्वच्छ हाय गं तिच्या. सगळं पांढरं. लेहला बर्फ बघितला व्हता ना, तसंच. आन् मधी बारीक लाल रेघा. श्वास घेतल्यागत हलत व्हतं." एकाहत्तरच्या लढाईच्या गोष्टी सगळ्या गल्लीला पाठ होतील इतक्या वेळा सांगणारा हा माणूस. आयुष्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट त्यानं बघितली आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. मला त्यांची फार कीव यायची.

कारण आईनं घरी आल्या आल्या दार लावून सगळ्यांना बजावलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. देवाच्या दयेनं वर काय दिसत न्हाई, तर आपन कशाला दावायचं?" आक्काला तिनं जवळ घेतलं आणि स्वतःच्या गळ्याला तिचा हात लावून शपथ घ्यायला लावली. "सासरी कुनाला सांगायचं न्हाई. नवऱ्यालाबी न्हाई. सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

वर खरोखरच काही दिसत नव्हतं. हात लावला तर कळायचं. हाडाला भोक पाडलं तिथं टाळूला एक खळी पडली होती, गालाला पडते तशी, बोटाचं टोक बरोबर बसेल एवढी. रात्री शेजारी झोपले की मी तिथं बोट ठेवायची आणि ती म्हणायची, "दाबू नगंस, खाली मेंदू हाय." मग आम्ही दोघी तोंडावर पांघरूण घेऊन हसायचो. आई रोज सकाळी तिची वेणी घालताना भांग थोडा डावीकडं ओढायची आणि उजवीकडचे केस त्या खळीवरून सारून घ्यायची. तिच्या बोटांना तो चाळाच लागला.

राहता राहिला शिवणक्लास. गल्लीतल्या बायका एकेक करून ब्लाउजपीस घेऊन यायला लागल्या आणि आक्काला तर सुईत दोरा ओवायची पंचाईत. शेवटी आण्णांनी एक जुनं मशीन आणलं आणि दुपारी दार लावून ती खरंच शिकायला बसली. पहिल्या काकूंच्या ब्लाउजला तिनं दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. पण पुढं तिचा हात असा बसला की लांबून लांबून बायका यायच्या. खोट्यापायी आमच्या घरात आलेली ती एकच चांगली गोष्ट.

आटपाडीकडचं स्थळ आलं ते एका फौजीचं. मुलगा शिपाई, तिकडं आसामात पोस्टिंगला होता. वडील वारलेले, घरी एकटी आई, डाळिंबाची थोडी झाडं आणि दोन म्हशी. बघायला आले तेव्हा आक्का पाटावर बसली आणि मुलाची एक आत्या म्हणाली, "वेणी सोडून दाव की बाळ. केस खरं हायेत का गंगावन, बघू." आईचा हात चहाच्या ट्रेवर थांबला. तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वन्सं. केस काय कापून न्यायच्यात व्हय? पोरगी हसरी हाय, तेवढं बास झालं." ती मंडळी गेल्यावर आईनं देवीपुढं नारळ फोडला. मला मात्र त्या बाईंचा चेहरा बघून वाटलं होतं, हिला सांगितलं तरी चालेल. पण आमच्या घरात माझ्या वाटण्याला कोण विचारतंय!

लग्न झालं. आक्का आटपाडीत रमली, हे मी तिच्या घरी चार दिवस राहून स्वतः बघितलं. दाजी सुट्टीला यायचे, जायचे. एरवी सासू-सुना दोघीच. सासूला ती आत्या म्हणायची. मशीन तिनं साताऱ्याहून नेलं होतं. ओसरीवर बसून ती वस्तीभरच्या बायकांची झंपरं शिवायची आणि आत्या समोर बसून काजं करायच्या. आत्यांना मुलगी नव्हती. "देवानं उशिरानं दिली, पर वाढवायचा तरास वाचीवला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आक्काचं डोकं पुन्हा दुखायला लागलं. आटपाडीचं ऊन सोसलं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. कांदा ठेव, ताक पी. मग सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. लग्न होऊन वर्ष उलटलेली सून सकाळी उठून मोरीत उलटी करते, याचा अर्थ आमच्याकडं कुणी कुणाला विचारत नाही. दाजी नुकतेच सुट्टी संपवून गेले होते. आक्काची पाळी तर कधीच वेळेवर नव्हती. आत्यांनी गावातल्या फोनच्या दुकानातून आमच्या शेजाऱ्यांकडं फोन केला. आई धावत गेली आणि परत आली ती हसत. तिनं देवापुढं साखर ठेवली आणि माझ्या तोंडात कोंबली.

आण्णांनी साखर हातातच धरली. म्हणाले, "उलट्या? आन् डोकं दुखतंय म्हनली का?"

"आवं, ऊन हाय तितं."

"डॉक्टर काय म्हनलं व्हतं?"

"आता कसला डॉक्टर! लगीन झालेल्या बाईला उलट्या कशानं व्हत्यात, एवढं कळाया तुमी काय बाळ हायसा? उगं अभद्र बोलू नगासा."

आण्णांनी हातातली साखर परत देवापुढं ठेवली. सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी त्यांचं काही चालायचं नाही. आईनं त्याच दिवशी कैऱ्या आणल्या आणि आंबटगोड लोणच्याची बरणी आटपाडीला जाणाऱ्या एकाबरोबर पाठवून दिली. आत्यांनी गावातल्या नर्सबाईला दाखवलं. ती म्हणाली, पोटावरून अजून काही कळत नाही, थोडे दिवस जाऊ द्या. ते थोडे दिवस आक्का लोणचं खात राहिली आणि ओकत राहिली.

पुढं कधीतरी तिनं मला सांगितलं की पहिल्याच सकाळी तिनं ते दुखणं ओळखलं होतं. "तेच व्हतं गं. पर आत्या कशा नाचत व्हत्या, तू बघितलं न्हाईस. मला वाटलं, कुनी सांगावं, दोन्ही असंल. बाळबी असंल." आणि शिवाय आईच्या गळ्याची शपथ होती.

एका दुपारी आक्का ओसरीवर मशीनवर बसली होती. आत्या आत भाकऱ्या करत होत्या. आक्कानं हाक मारून विचारलं, "आत्या, आभाळ भरून आलंय व्हय?"

आटपाडीत हा प्रश्न साधा नसतो. त्या साली वळवाचा एक थेंब पडला नव्हता, गावाला टँकर चालू होता. आत्या तव्यावरची भाकरी तशीच टाकून पिठाच्या हातानं अंगणात पळाल्या. वर बघतात तर आभाळ पांढरंफटक, ऊन नुसतं रणरणतंय. त्या मागं वळल्या. आक्का सुईत दोरा ओवत होती आणि दोरा सुईच्या वीतभर बाजूनं जात होता.

जीप करून त्यांनी तिला तशीच मिरजेला आणली. आम्ही साताऱ्याहून पोहोचलो तेव्हा एक तरुण डॉक्टर तिला तपासत होता. त्यानं तिचे केस बाजूला केले, खळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कधीचं?"

आक्काच्या उशाशी आत्या उभ्या होत्या. आणि माझी आई म्हणाली, "ल्हानपनी जिन्यावरनं पडली व्हती."

त्या वेळी मला तिचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही. आण्णा आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. "गप! एकदम गप बस!" मग ते सावधान उभं राहिल्यासारखे डॉक्टरांपुढं उभे राहिले आणि त्यांनी पाण्याच्या गाठीपासून पुण्याच्या दुर्बिणीपर्यंत सगळं सांगितलं. आत्या आक्काचे पाय चेपत राहिल्या.

त्याच गाडीनं पुणं गाठलं. डॉक्टर तेच. बांध बुजला होता. त्यांनी जुन्याच वाटेनं पुन्हा दुर्बीण घालून तो फोडला. बाहेर येऊन त्यांनी एकच विचारलं, "उलट्या कधीपासून होत्या?" आण्णांनी सांगितलं. जीव वाचला होता. डोळ्यांच्या नसा मात्र फार दिवस दाबाखाली राहून वाळून गेल्या होत्या. पोटात बाळ नव्हतंच. दाजी तातडीची रजा काढून आले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मिलिटरीच्या हॉस्पिटलात माझ्या नावावर तिला कवाबी बघितलं असतं. नुसतं सांगायचं व्हतं." त्यानंतर ते व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पाठमोरे उभे राहिले.

आईची खात्री होती की आता ते आक्काला टाकणार. तिनं आमच्या घरातली मधली खोली रिकामी करून ठेवली. पण हॉस्पिटलातून आत्यांनी तिला सरळ आटपाडीला नेलं. मधल्या खोलीत आण्णांनी मग कांदे पसरले.

पावसाळा सरल्यावर आई आणि मी आटपाडीला गेलो. आक्का ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, भराभर, आमच्या पावलांवरून आम्हाला ओळखून हसत. मशीन कोपऱ्यात होतं, त्याच्यावर धुतलेली गोधडी टाकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा शेंगा घेऊन बसली आणि आई तिची वेणी घालायला लागली. केस विंचरले, भांग डावीकडं ओढला आणि उजवीकडचे केस अलगद खळीवरून सारले. सगळ्या जगाला कळून चुकलं होतं, तरी तिची बोटं ते करतच होती.

आत्या समोर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ते बघितलं. म्हणाल्या, "विहीणबाई, झाकू नगासा. मला ते पयल्यापासनं ठावं हाय."

आईला कळलं नाही. "दवाखान्यात कळलं, तवापासनं..."

"न्हाई. लगीन हून आली, त्याच आयतवारी मी तिला न्हाऊ घातलं. शिकेकाई लावताना बोटाला लागलं की. तवाच म्हटलं, ही पडल्याची खोक न्हवं, ह्ये कुनीतरी मापात केल्यालं हाय."

वेणी घालता घालता आई थांबली. मीच विचारलं, "मग आत्या, तुमी इचारलं का न्हाई?"

"इचारनार व्हते गं." त्या सुपातल्या तांदळांकडं बघत म्हणाल्या. "पर नवी पोरगी. तिला वाटलं असतं, सासू आल्या आल्या खोट काढतीया. म्हटलं, जीव लागला की सांगंल आपल्या मनानं. सांगितलं असतं, तर त्या उलट्यांना मी साखर वाटली असती व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला ऐकवेना. "मला कळलंय ह्ये हिला ठावं न्हवतं. आन् मला सांगितलं तर काय व्हनार न्हाई, ह्येबी ठावं न्हवतं. दोघी एका ताटात जेवत व्हतो."

आक्काच्या मांडीवरच्या शेंगा तशाच राहिल्या. आईच्या हातात वेणीचे तीन पेड होते, ते सुटत चालले.

आक्कानं मान किंचित मागं कलती केली आणि म्हणाली, "आई, घाल की. अर्धीच ऱ्हायलीया."

आईला जमलं नाही. आत्या उठल्या, हाताला लागलेलं तूस त्यांनी पदराला पुसलं, आईच्या बोटांतून ते पेड एकेक करून काढून घेतले आणि वेणी पुरी केली. उजवीकडची खळी त्यांनी उघडीच ठेवली.